तुमच्या मनातला डीमन पडद्यावर भेटला का?

फिलिप पुलमन यांचं 'नॉर्दर्न लाइट्स' मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चौदा वर्षांची होते. माणसाचा आत्मा 'डीमन' म्हणून प्राण्याच्या रूपात त्याच्या शेजारी चालतो, त्याच्याशी भांडतो, मूल वयात येईपर्यंत सतत रूप बदलत राहतो, हे वाचून पुस्तक मिटून घेतलं आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. गोष्टीची नायिका लायरा, तिचा डीमन पॅन आत्ता दिव्याभोवतीचा पतंग, तर पुढच्या पानावर आणखी काही. तो माझ्या डोळ्यांसमोर इतका पक्का बसला होता की २०१९ साली हे पुस्तक आणि त्याचे पुढचे दोन भाग यांवरची 'हिज डार्क मटेरियल्स' मालिका आली तेव्हा पहिला भाग लावायची भीतीच वाटली. तुमचं कसं झालं? आधी पुस्तक की आधी मालिका? मनमोकळं लिहा. तिन्ही पुस्तकांचे शेवट इथे उघड होतील, ज्यांना नको असेल त्यांनी पुढे वाचू नका.

*

माझी धाकधूक वेगळीच होती. पहिल्या पुस्तकावरचा २००७ चा सिनेमा पुस्तकाच्या शेवटाआधीच थांबला होता. लायराचा मित्र रॉजर, त्याचं पुढे काय होतं ते त्यात आलंच नाही, आणि माझ्या मते त्याशिवाय ही गोष्ट उभीच राहत नाही. म्हणून मालिका तिथवर जाते की नाही, एवढंच मला बघायचं होतं.

धाकट्या बहिणीने पुस्तक वाचलेलं नव्हतं. पहिल्या सीझनचे आठही भाग आम्ही एकत्र पाहिले. शेवटाकडे लायरा बर्फातून वाट काढत लॉर्ड ॲस्रिएलच्या घरी पोचते. पोरगी दारात उभी, आणि बाप आनंदाऐवजी घाबरतो. मग तिच्यामागून रॉजर आत येतो आणि ॲस्रिएलचा जीव भांड्यात पडतो. जेम्स मॅकअव्हॉयने तो बदल असा दाखवलाय की ठाऊक असणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. बहीण म्हणाली, "दादा, पोचली बाबा दोघं सुखरूप!" माझ्याच्याने उत्तर देववेना. पुस्तक वाचताना त्याच जागी मलाही अगदी असंच हायसं वाटलं होतं.

शेवट झाल्यावर ती रडली नाही. रिमोट हातात धरून बसून राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तुला माहीत होतं?" दुसऱ्या दिवशी माझं जुनं पुस्तक तिच्या उशाशी होतं.

*

माझी एकच तक्रार आहे आणि ती मनापासूनची आहे. गर्दीच्या प्रसंगांत डीमन दिसतच नाहीत. लायराच्या जगात डीमन नसलेला माणूस म्हणजे चेहरा नसलेला माणूस. मग रस्त्यावरून नुसती माणसं चाललेली पाहिली की ते जग आपल्याच जगासारखं दिसायला लागतं. बोल्वांगार या प्रयोगकेंद्रात मुलांना त्यांच्या डीमनपासून कापून तोडतात, त्याचा हादरा पूर्ण बसायचा तर आधी प्रत्येकाच्या खांद्यावर, पायाशी, खिशात काहीतरी जिवंत दिसायला हवं.

*

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण एक सांगू? मी ॲनिमेशनचं काम करते. एकेका प्राण्याची लव, वजन, नजर बसवायला किती दिवस जातात ते रोज बघते. या मालिकेच्या सेटवर कलाकारांसमोर डीमनच्या बाहुल्या धरलेल्या असायच्या, म्हणजे लायरा झालेल्या डॅफ्नी कीनच्या हाताला खरंच काहीतरी लागत होतं. तिची बोटं पॅनच्या मानेभोवती कशी वळतात ते एकदा नीट बघा.

*

मी आधी मालिका पाहिली. त्यामुळे लायराचा पुढचा सोबती विल मला पहिल्या सीझनपासूनच ओळखीचा. नंतर वाचायला घेतलं, तर पहिलं पुस्तक संपलं तरी त्याचा पत्ता नाही! तो येतो थेट दुसऱ्या पुस्तकात, 'द सटल नाइफ'मध्ये, तेही पहिल्याच वाक्यात, आईचा हात ओढत.

माझी आई मी लहान असताना बरीच वर्षं मनाने आजारी होती. विल लहानपणी आईबरोबर सुपरमार्केटमध्ये लपाछपीसारखा खेळ खेळतो आणि हळूहळू त्याच्या लक्षात येतं की ज्या शत्रूंपासून आई लपतेय ते तिच्या मनातच आहेत. ती पानं मी उभ्याउभ्या वाचली. तो हे कुणाला सांगत नाही, कारण आईला घेऊन जातील. मीही शाळेत कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. मालिकेतला विल, म्हणजे अमीर विल्सन, मला आवडतोच, पण हे मला पुस्तकानेच दिलं.

*

लायराच्या आईबद्दल, मिसेस कोल्टरबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? रूथ विल्सनने ती बाई इतकी एकटी करून टाकलीय की तिचा राग करताना धाप लागते. आणि तिचा डीमन, ते सोनेरी माकड! पुलमननी त्याला नाव दिलेलं नाही. स्वतःच्या आत्म्याला नावाने हाक न मारणारी आई. माझी मुलगी आता बारा वर्षांची आहे, तिच्याशी आवाज चढला की मला ते माकड आठवतं आणि मी गप्प होते.

*

ऑक्सफर्डच्या बोटॅनिक गार्डनमधल्या बाकावर मी बसून आलेय. तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी लायरा आणि विल ठरवतात, दर वर्षी उन्हाळ्याच्या मध्यावर, दुपारी बारा ते एक, आपापल्या जगात याच बाकावर यायचं. भेट होणार नाही, पण शेजारी असल्यासारखं. लाकडावर वाचकांनी दोघांची नावं कोरलीत, काही नवी, काही बोट फिरवल्याशिवाय न कळणारी. मी गेले तो दिवस साधाच होता, तरी बारा वाजायची वाट पाहिली. एकाच टोकाला बसले. थोड्या वेळाने एक आजोबा आले, त्यांनी बाकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मधली जागा सोडून दुसऱ्या टोकाला बसले. एक वाजेपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही.