टेक्स्ट फाइलीतूनच कोड चालवायचा: सोय की पायावर धोंडा?

जुनं_टर्मिनल:
काल इथे एका सद्गृहस्थांनी लिहिलं की जो अजून स्क्रिप्ट एकीकडे आणि टिपणं दुसरीकडे ठेवतो त्याला कामाची शिस्तच नाही. इमॅक्स या एडिटरमधलं ऑर्ग-मोड घ्या, मजकूर, कोड, उत्तर सगळं एका फाइलीत, कंट्रोल-सी दोनदा दाबा, विषय संपला. शिस्त काढलीत म्हणून लिहितोय, नाहीतर सोडून दिलं असतं.

आधीच्या ऑफिसात सर्व्हरची सगळी कामं अशाच एका फाइलीत होती, प्रत्येक काम म्हणजे कोडचा एक तुकडा, म्हणजे ब्लॉक. "हा ब्लॉक चालवू का?" असं दरवेळी विचारतं म्हणून ती लिहिणाऱ्या महाभागाने विचारणाच बंद करून टाकलेली, आणि ते सेटिंग आख्ख्या टीमने कॉपी केलेलं. साहेबांना पीडीएफ हवी म्हणून एकाने फाइल एक्स्पोर्ट केली. ज्या ब्लॉकांवर 'एक्स्पोर्ट्स बोथ' (कोड आणि उत्तर दोन्ही छापा) होतं ते सगळे एक्स्पोर्ट होताना चालले. त्यात जुने लॉग (सर्व्हरच्या नोंदी) उडवणाराही होता. पीडीएफ मात्र देखणी आली.

शिवाय खाली जे उत्तर चिकटलेलं दिसतं ते कधीचं? वरचा कोड बदलल्यावर परत चालवलं होतं का? फाइल बघून काही कळत नाही. नुसती स्क्रिप्ट निदान खोटं तरी बोलत नाही.

कंसातला_कंस:
मॅन्युअल वाचायचं नाही आणि टूलच्या नावाने बोटं मोडायची. फाइलीच्या डोक्यावर 'एव्हॅल नेव्हर-एक्स्पोर्ट' (एक्स्पोर्ट होताना चालवू नको) एवढं असतं तर लॉग वाचले असते. विचारणा मुळात चालूच असते, ती तुमच्या लोकांनी मारली. यात ऑर्गचा काय दोष?

आणि ही कल्पना काही काल आलेली नाही. संगणकशास्त्रज्ञ क्नूथने 1984 मध्ये लिटरेट प्रोग्रॅमिंग, म्हणजे माणसाने वाचायच्या लेखातच प्रोग्रॅम लिहिणं, मांडलं आणि टेक् ही अक्षरजुळणीची आख्खी सिस्टिम तशी लिहून दाखवली. एकाच फाइलीतून 'टँगल' केलं की पास्कल भाषेतला कोड, 'वीव्ह' केलं की माणसाने वाचायचा मजकूर.

पाइपवाला:
क्नूथ काढलात तर 1986 पण काढा की. जॉन बेंटलींच्या प्रोग्रॅमिंगवरच्या स्तंभासाठी त्याने सर्वात जास्त वेळा येणारे शब्द मोजायचा प्रोग्रॅम पानंच्या पानं लिहिला. परीक्षण करणाऱ्या मॅक्इलरॉयने तेच काम सहा कमांडच्या पाइपलाइनमध्ये (एकीचं उत्तर पुढचीला) बसवलं. टीआर, परत टीआर, सॉर्ट, युनिक, सॉर्ट, सेड. झालं.

कंसातला_कंस:
त्याच परीक्षणात मांडणीचं कौतुकही आहे. तेवढं सोयीस्कर विसरलात.

आकडेमोड:
तुम्ही दोघं इमॅक्सवरून भांडताय, आमच्याकडे आर या आकडेवारीच्या भाषेत हे 2002 पासून स्वीव्हने आणि 2012 पासून निटरने चाललंय. निट बटण दाबलं की नवं सेशन, वरपासून खालपर्यंत सगळं परत चालतं. कॅश (जुनी उत्तरं साठवून ठेवणं) लावली नसेल तर शिळं उत्तर उरतच नाही. खरा घोळ ज्युपिटर नोटबुकांचा. त्यातले सेल (कोडचे तुकडे) वाट्टेल त्या क्रमाने चालवा, कुणी विचारत नाही. 2019 च्या एका अभ्यासात गिटहबवरची सुमारे 14 लाख नोटबुकं घेतली होती. त्यातली जी चालवून बघितली त्यांपैकी चोवीसेक टक्के न अडखळता चालली, आणि तीच उत्तरं आली फक्त चारेक टक्क्यांत.

जुनं_टर्मिनल:
म्हणजे माझंच म्हणणं झालं. थँक्यू.

आकडेमोड:
अजिबात नाही. क्रम पाळणारं टूल घ्या, एवढंच म्हटलंय.

बाराखडी:
तुमचं चालू द्या, पण मला आधी कंट्रोल-सी दाबून दाखवा. माझी टिपणं मराठीत, कीबोर्ड इनस्क्रिप्ट. सी च्या बटणावर म आहे. इमॅक्स म्हणतं 'कंट्रोल-म अनडिफाइन्ड'. प्रत्येक ब्लॉकला कीबोर्ड बदला, चालवा, परत बदला. ही सोय?

कंसातला_कंस:
सिस्टिमचा कीबोर्ड इंग्रजीच ठेवा. इमॅक्सची स्वतःची 'देवनागरी-इनस्क्रिप्ट' पद्धत निवडा, कंट्रोल-बॅकस्लॅशने चालू-बंद होते. शॉर्टकट जागेवर राहतात.

बाराखडी:
म्हणजे बाकी सगळीकडे एक सवय आणि इमॅक्सात दुसरी. बरं, तक्त्यांचं काय? जोडाक्षर आलं की उभ्या रेघा इकडेतिकडे पळतात. आणि पीडीएफ? मूळ सेटिंगमधला पीडीएफ बनवणारा प्रोग्रॅम, पीडीएफलेटेक, देवनागरी दिसली की मान टाकतो. त्याऐवजी झीलेटेक लावा, फॉन्ट सांगा, मग कुठे अक्षर उमटतं. इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी शिस्तीचे धडे देऊ नयेत.

पाइपवाला:
इनस्क्रिप्ट वापरतं कोण अजून? रोमन टाइप करा, अक्षरं आपोआप येतात.

बाराखडी:
आमच्या ऑफिसात सगळे वापरतात. इमॅक्स मात्र एकही नाही. वापरतं कोण ते आता तुम्हीच मोजा, तुमच्या त्या सहा कमांडने.

आकडेमोड:
+१ (झीलेटेकचं रडगाणं आमच्याकडेही आहे.)

जुनं_टर्मिनल:
धागा माझा होता बहुतेक. परत सांगतो: मजकुराची फाइल 'चालायला' लागली की ती उघडतानाही जपावं लागतं. जून 2024 मध्ये इमॅक्स 29.4 घाईने काढावं लागलं, कारण ऑर्ग फाइल उघडल्यानेच शेल कमांड चालू शकत होती. कंट्रोल-सी न दाबता! विचारणा गेली तेल लावत.

कंसातला_कंस:
आणि 2019 मध्ये विम या दुसऱ्या एडिटरचं तेच झालं. मोडलाइन (एडिटरला सेटिंग सांगणारी ओळ) असलेली साधी टेक्स्ट फाइल उघडा, कोड चालला. त्यात ना ऑर्ग, ना ब्लॉक. तुमची स्क्रिप्ट तुम्ही विममध्येच उघडता ना?

जुनं_टर्मिनल:
मोडलाइन बंद असते माझी.

कंसातला_कंस:
वा! विमचं धोक्याचं सेटिंग बंद केलंत ही तुमची शिस्त, आणि ऑर्गचं सुरक्षेचं सेटिंग तुमच्या टीमने बंद केलं तो ऑर्गचा दोष. ठीक आहे, एवढं देतो: ज्या फाइलीत काही उडवणारी कमांड आहे तिथे 'एव्हॅल नेव्हर' (कधीच चालवू नको) लिहावं आणि हाताने टर्मिनलवर चालवावं. साष्टांग दंडवत.

जुनं_टर्मिनल:
हाताने टर्मिनलवर. हेच म्हणत होतो पहिल्यापासून.

कंसातला_कंस:
फक्त उडवणाऱ्या! वाचायचं कधी शिकणार?

बाराखडी:
कंट्रोल-बॅकस्लॅश चाललं. तक्ते अजून वाकडेच.

कंसातला_कंस:
'व्हीअलाइन' पॅकेज टाकून बघा. मोठ्या तक्त्याला जरा जड जातं.