मॅनिफोल्डला हीट रॅप गुंडाळावा का?

आंबोलीकर: माझी १९९८ची जिप्सी. आठवड्यातून दोनदा सावंतवाडीहून आंबोली घाट चढतो. वर पोचेतो बॉनेट हात लावू देत नाही, आणि मॅनिफोल्डजवळच्या (इंजिनाचा धूर सायलेन्सरकडे नेणारा भाग) वायरीचं आवरण कडक होऊन तडकलंय. हीट रॅपची, म्हणजे उष्णता अडवायला गुंडाळायची, ५० मिमी रुंदीची फायबरग्लास पट्टी आणून ठेवलीय. मॅनिफोल्ड मूळचाच, बिडाचा. गुंडाळू का?

गॅरेजवाला: बिडाच्या मॅनिफोल्डला नको. उष्णता आतच कोंडते, धातू जास्त तापतो आणि तडा जाण्याचा धोका वाढतो. त्यावर मुळात पत्र्याचं हीट शील्ड असतं. तुमचं जागेवर आहे का ते आधी बघा. इंजिनाचं हेड (वरचा भाग) उघडताना काढतात आणि परत बसवायचं राहून जातं.

रानवाट: मी साध्या लोखंडी पाइपांच्या हेडरला (मूळ मॅनिफोल्डऐवजी बसवतात तो) रॅप गुंडाळला होता. बॉनेटखालची धग खरंच कमी झाली. पण दोन पावसाळ्यांनी सोडला तर खालचा पाइप गंजून पापुद्रे सुटत होते. पट्टी ओल धरून ठेवते. तुमच्या आंबोलीच्या पावसात तर विचारूच नका! शिवाय इंजिनावरच्या व्हॉल्व्ह कव्हरमधून तेल झिरपत असेल तर ते पट्टीत मुरतं आणि पेट घेऊ शकतं. आधी त्या कव्हरचं गॅस्केट (गळती अडवणारं पॅकिंग) बदला.

आंबोलीकर: आत्ताच बघून आलो. शील्ड नाहीच, नुसती बोल्टची भोकं! उद्या जुन्या बाजारात शोधतो. वायरींवर उष्णतारोधक नळी चढवतो. पट्टी कुणाला स्टेनलेस स्टीलच्या हेडरसाठी हवी असेल तर घेऊन जा.