जर्बोआच्या पावलातील स्नायू कोठे जातात?

प्रश्न : वाळवंटात दोन पायांवर उड्या मारणाऱ्या जर्बोआ या कृंतक (उंदरांच्या गटातील कुरतडणाऱ्या) प्राण्याच्या मागच्या पावलात स्वतःचे स्नायूच नसतात, असे वाचले. उत्क्रांतीत ते घडवणारी जनुकेच नष्ट झाली का?

प्रतिसाद १ : नाही. तीच जनुके शरीरातील इतर स्नायूंनाही लागतात, त्यामुळे ती गमावणे प्राण्याला परवडणारे नाही. गंमत म्हणजे नवजात पिलाच्या पावलात हे स्नायू असतात, त्यांत आकुंचनाची तंतुरचनाही तयार झालेली असते, आणि जन्मानंतर थोड्याच दिवसांत ती मोडत जाऊन स्नायू नाहीसे होतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तेथे पेशीमृत्यूच्या नेहमीच्या खुणा आढळल्या नाहीत. मात्र स्नायू झिजताना प्रथिनांच्या विघटनात भाग घेणारी मर्फ-१ आणि ॲट्रोजिन-१ ही जनुके सक्रिय दिसली.

प्रतिसाद २ : म्हणजे प्लास्टरमध्ये अडकलेला हात बारीक होतो, तशीच ही झीज म्हणावी काय?

प्रतिसाद १ : बरेच साम्य आहे, परंतु तो हात व्यायामाने पुन्हा भरतो, येथे मात्र स्नायू कायमचा जातो आणि तो आजार नसून वाढीचाच टप्पा असतो. माझ्या मते खरा प्रश्न वेगळाच आहे : ही यंत्रणा केवळ पावलातच, शेजारच्या पोटरीला धक्का न लावता, नेमकी कशामुळे सुरू होते?