मुक्तछंदातली कविता पाच वाद्यांसाठी बांधतोय, शब्दच कळत नाहीयेत

अर्धमात्रा:
एक आजकालची कविता घेतलीये, मुक्तछंद, चौदा ओळी, यमक वगैरे काही नाही. सोप्रानो (सगळ्यात उंच पट्टीचा स्त्री-आवाज) आणि बासरी, क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो, पियानो. पहिला खर्डा चक्क भावगीतच झाला, पहिली ओळ धृवपदासारखी तीनदा फिरवली आणि कविता मेलीच. मग दुसऱ्यात दर ओळीला ताल बदलला, कागदावर मस्त दिसतंय पण तालमीत "खिडकीत कुणीच नव्हतं" ही ओळ गाणारीला सोडून कुणालाच कळली नाही. चुकतंय कुठे?

खर्ज:
सगळ्यात वरचा सूर कुठल्या शब्दावर आहे?

अर्धमात्रा:
"नव्हतं"वर. वरचा ए (पाश्चात्य पट्टीतला स्वर).

खर्ज:
मग कसं कळणार! सोप्रानो साधारण 700 हर्ट्झच्या, म्हणजे वरच्या एफच्या वर गेली की आ, ई, ऊ सगळे स्वर एकसारखेच ऐकू येतात, गाणारीचा दोष नाही तो. त्यात "व्ह" जोडाक्षर. ही ओळ मधल्या सप्तकात घ्या, बोलण्याच्या लयीत, आणि उंच जायचंच असेल तर शब्द संपल्यावर नुसत्या आकारात जा. आधी कविता मोठ्याने वाचून रेकॉर्ड करा, आपण "कुणीच"च्या "णी"वर किती रेंगाळतो ते ऐका, मग मात्रा लिहा.

तिरपी रेघ:
तुमचा संच तर संगीतकार शोनबर्गच्या 'पियरो ल्युनेर' या रचनेचाच आहे की (1912). त्यात 21 कविता आहेत आणि पाचही जण कायम वाजवत बसत नाहीत, सातव्या कवितेत तर आवाज आणि फक्त बासरी. तुमच्या खर्ड्यात सगळे सगळीकडे वाजवतायत असा माझा संशय आहे, पियानोचा डावा हात आधी गप्प करा. आणि कवितेतलं सगळं गायलाच हवं असंही नाही. फ्रेंच संगीतकार बुलेझच्या 'ल मार्तो सां मॅत्र' या रचनेमध्ये नऊ भाग आहेत, आवाज फक्त चारांत, बाकी कविता वाद्यांकडे.

मुक्तछंदी:
मला हा शब्द कळण्याचा हट्टच पटत नाही. कविता छापून हातात द्या की लोकांच्या. ओळ जिथे तुटते तिथली शांतता मात्र खाऊ नका, संगीतकार हमखास तिथे क्लॅरिनेटची एक नक्षी भरतात आणि कवीने मुद्दाम ठेवलेली जागा जाते (हो, मी कविता लिहितो, म्हणून चिडचिड). आणि परवानगी काढलीये ना? कवी हयात असेल तर आत्ताच विचारा, नसेल तरी भारतात मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क असतात, युरोपात 70. मुखपृष्ठावर नुसतं नाव टाकून भागत नाही.

अर्धमात्रा:
परवानगी तोंडी आहे, लेखी घेतो. काल ती ओळ खाली आणली, खाली फक्त चेलोचा एक लांब सूर ठेवला आणि "नव्हतं" नंतर दोन मात्रा सगळे गप्प. आता पियानोवाला विचारतोय मी नेमका कधी वाजवायचं.