घरी अहिराणी, वहीत अग्रलेख: पोरांचा लेखनातला आवाज कसा मोकळा करायचा?

पांझरा:
शिरपूरला अकरावी-बारावीच्या मुलामुलींचा लेखनाचा गट सुरू करायचा आहे. १२ जण, आठवड्याला दीड तास, ८ आठवडे. बोलायला ही पोरं नेमकी आणि तिखट. कागदावर मात्र सुरुवात 'आजच्या धकाधकीच्या युगात' आणि शेवट 'ही काळाची गरज आहे'. नावं झाकली तर कोणता निबंध कोणाचा ते कळत नाही. वाचन वाढवा म्हटलं, तर उसने शब्द तेवढे वाढले. ऐकणं, विचार आणि लेखन यांची सांगड घालणारे सराव हवेत. नेमके सांगा, 'मनापासून लिहा' एवढ्यावर भागत नाही.

गिरणाकाठ:
पहिले दोन आठवडे लिहायला लावूच नका, उतरवायला लावा. प्रत्येकाने घरातल्या किंवा गल्लीतल्या एका माणसाला त्याच्या कामाविषयी बोलतं करायचं आणि परवानगी घेऊन मोबाईलवर १५ मिनिटं रेकॉर्ड करायचं. त्यातली फक्त ५ मिनिटं हाताने, शब्दाला शब्द उतरवायची. अडखळणं, पुन्हा म्हणणं, अर्धवट सोडलेलं वाक्य, सगळं ठेवायचं. अर्धा-पाऊण तास सहज जातो, जाऊ द्या. मोबाईलच्या बोलून टाइप करण्याच्या सोयीला हात लावू देऊ नका. ती अहिराणीचं प्रमाण मराठी करते, नाहीतर हिंदी, आणि ज्यासाठी हा खटाटोप तेच हरवतं.

कुठे बिघडतं ते सांगते. पोरं ऐकता ऐकता 'सुधारतात'. केळीवाला म्हणतो, 'मन्हा माल नई, त्यास्ना भाव खराब शे.' (माझा माल नाही, त्यांचा भाव खराब आहे.) वहीत येतं, 'व्यापाऱ्यांनी शेतकऱ्यांच्या मालाला योग्य भाव दिला नाही.' अर्थ बराचसा आला, पण त्या माणसाने 'खराब' हा मालाला लावलेला शब्द उचलून भावाला लावला होता, ते गेलं. दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी लिहा आणि काय गळालं ते पोरांनाच शोधू द्या. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्यांच्या ओव्या ऐकून टिपल्या आणि १९५२ साली त्या बोलीतच छापल्या गेल्या. ऐकणाऱ्याचा कान किती मोलाचा असतो, हे खान्देशात तरी वेगळं सांगायला नको.

तापीकाठ:
ताईंचं केळीचंच वाक्य घेतो. नुसतं उतरवून थांबलात तर पोराच्या वहीत दुसऱ्याचा आवाज येईल, त्याचा स्वतःचा नाही. तो येतो ऐकलेल्याची तपासणी केल्यावर.

वहीच्या पानावर तीन रकाने पाडा: ऐकलं, पाहिलं, अंदाज. 'भाव खराब' हे पहिल्या रकान्यात. मग विचारायचं: कोणत्या महिन्यातला माल? नवतीचा (नव्या लागवडीचा) की पिलबागेचा (जुन्या झाडाच्या पिलांवर घेतलेल्या पिकाचा)? खराब म्हणजे कशाच्या तुलनेत, बोर्डाच्या, म्हणजे बाजारात जाहीर होणाऱ्या भावाच्या, की मागच्या वर्षीच्या? समजा, बोर्डाचा भाव क्विंटलला १,८०० होता आणि व्यापाऱ्याने बागेत माल १,३०० ने मागितला. आता पोरगं बोर्ड आणि पावती स्वतः बघून आलं, तरच हे आकडे दुसऱ्या रकान्यात जातील. 'व्यापारी लुटतात' हा तिसरा रकाना, कितीही पटलं तरी.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. समोरच्याची बाजू त्याला मान्य होईल अशा शब्दांत ४-५ ओळी लिहायची. थंडीत पारा १२-१३ अंशांखाली गेला की केळीला चिलिंग बसतं, साल काळपट पडते, असा माल पिकवल्यावर नीट रंग धरत नाही, म्हणून व्यापारी भाव तोडतो. हे प्रामाणिकपणे मांडल्यावर मुलाला स्वतःला विचारायला लावा: आता तुला काय वाटतं? एखादा लिहील, 'चिलिंगचा माल कमी भावाने जावा हे पटतं. पण किती घडांना चिलिंग आहे हे एकट्या घेणाऱ्याने ठरवावं, हे पटत नाही.' हे वाक्य त्याचं. शेजारच्या पोराचं वेगळं येईल, कारण तपासताना तो वेगळ्या जागी अडला असेल. शैली शैली म्हणून वेगळी शिकवायची गरजच पडत नाही.

दोन बाजू मांडून 'दोघांनीही विचार करावा' असा शेवट करणारी पोरं निघतील. त्यांना 'मला पटतं / पटत नाही, कारण' यापैकी एकाने सुरू होणारं वाक्य सक्तीचं करा.

सातपुडा:
वरच्या दोघांशी सहमत, एक सावधगिरी. अहिराणी आवडली म्हणून पोरं प्रमाण मराठीच्या लेखात मधेच 'शे' आणि 'मन्हा' पेरतात. ते वरून लावलेलं दिसतं. बोलणाऱ्याचं वाक्य बोलीत ठेवा, स्वतःचं निवेदन ज्या भाषेत विचार येतो त्या भाषेत. सगळा लेख अहिराणीत आला तर उत्तमच.

लिहून झाल्यावर: ४०० शब्दांचा मजकूर दोन दिवस बंद ठेवायचा, मग २५० वर आणायचा. आधी पहिला परिच्छेद काढून बघा, बहुतेक वेळा काही अडत नाही. मग दुसऱ्या कोणाच्याही निबंधात खपेल असं प्रत्येक वाक्य खोडा. मोठ्याने वाचताना श्वास पुरला नाही तिथे वाक्य तोडा.

पांझरा:
आभार. दोन शंका. अहिराणी लिहायची कशी, पोरागणिक वेगळं लिहिलं जातं. आणि १२ जणांचं वाचन दीड तासात बसवायचं कसं?

गिरणाकाठ:
धुळ्याकडचं आणि चाळीसगावकडचं बोलणंच वेगळं, तर लिहिणं एक कसं होईल? कानावर पडलं तसं लिहायचं, फक्त एका लेखात एकच पद्धत. 'नई' लिहिलं की शेवटपर्यंत 'नई', मधे 'नही' नको.

सगळ्यांचं वाचन एका बैठकीत घेऊ नका, चौघांचंच घ्या, प्रत्येकी २० मिनिटं. ५ मिनिटं वाचन. मग दोघांनी, मत न देता, काय ऐकलं तेवढंच सांगायचं. लिहिणारा तोवर गप्प. इथे त्याला कळतं की मनातलं कागदावर आलंच नाही. उरलेल्या वेळात इतरांनी फक्त प्रश्न विचारायचे, तेही मजकुरातल्या ओळीवर बोट ठेवून. 'छान' आणि 'आवडलं' पहिले चार आठवडे बंद. शेवटची १० मिनिटं सगळ्यांनी खोडाखोडीला बसायचं, चर्चा ताजी असतानाच, आणि खोडलेली वही तुम्ही पुढच्या वेळी बघायची.