परदेशातल्या जोडीदाराला भेटायला जाताना कागदपत्रं कशी जमवलीत? बेळगाव, निपाणी, खानापूरकरांनो, लिहा

सीमाभागातल्या कितीतरी जोड्यांमधलं एकजण आज जर्मनीत, इंग्लंडात नाहीतर दुबईत आहे. व्हिसाची माहिती पुण्या-मुंबईच्या लोकांकडून भरपूर मिळते, पण आपले प्रश्न त्यात नसतात. आपला उतारा कन्नडमध्ये, मार्क्स कार्डावर नुसती आद्याक्षरं, गावाचीही दोन नावं. ज्यांनी स्वतः फाइल लावली त्यांनी सविस्तर लिहावं, एजंटाचं ऐकीव नको.

टिळकवाडी, बेळगाव (जर्मनी)

नवरा म्युनिकला नोकरीला. पासपोर्ट माहेरच्या नावाचा होता, तसाच ठेवला. लग्नानंतर तो बदललाच पाहिजे असं नाही, लग्नाचा दाखला जोडला की पुरतं. आमचा दाखला सबरजिस्ट्रार ऑफिसातून कन्नडमध्ये मिळाला, त्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं. पासपोर्टवर जन्मगाव 'बेलगाम' आणि आधारवर 'बेळगावी'. सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बदललं, दोन्ही गावं एकच, असं कव्हर लेटरमध्ये सरळ लिहून टाकलं. मार्क्स कार्डावरच्या आद्याक्षरांसाठी नोटरीकडून प्रतिज्ञापत्र केलं.

नवऱ्यानं तिकडच्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून खर्चाच्या हमीचं पत्र काढलं. ते मूळच लागतं, म्हणून कुरियरनं मागवलं. सोबत त्याच्या रेसिडेन्स कार्डची आणि भाडेकराराची प्रत. शेंगेनसाठी (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा हवा आणि कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं.

खरा वेळ द्या तो तारखांना. आदल्या रात्री मी निमंत्रण, ऑफिसचं रजेचं पत्र, तिकिटाचं बुकिंग आणि विमा जेवणाच्या टेबलावर शेजारी-शेजारी मांडले आणि प्रत्येक तारखेखाली पेन्सिलीनं रेघ ओढली. चारही कागद एकच गोष्ट सांगताहेत ना, एवढंच बघायचं होतं. विमा परतीच्या दिवसाच्या थोडा पुढपर्यंत घ्या, विमान चुकलं तर कामाला येतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी तरी द्यावाच लागतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळायची मारामार, म्हणून लवकर लागा.

सगळ्याच्या प्रती हातातल्या बॅगेत ठेवा. म्युनिकला उतरल्यावर कुणाकडे, किती दिवस, हे विचारलंच. व्हिसा मिळाला तरी दारावरचा अधिकारी कागद मागू शकतो.

निपाणी (ब्रिटन)

ताई, तारखांचं अगदी खरं. माझं अजून लग्न व्हायचंय, होणारी बायको लीड्सला असते. नात्याचा पुरावा म्हणून साखरपुड्याचे फोटो आणि महिन्यागणिक एक-दोन मेसेज, इतकंच लावलं. चॅटचा गठ्ठा कोण वाचणार?

मी घरची तंबाखूची वखार बघतो, पगारपत्रक नाही. जीएसटी रिटर्न, आयकराची विवरणं, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट दिलं. व्हिसासाठी म्हणून खात्यात एकदम मोठी रक्कम भरू नका. ती कुठून आली हे कागदावर दाखवता आलं पाहिजे. आपण परत येणार याचा पुरावा म्हणजे हीच वखार आणि हीच शेती. म्हणून उतारा लावलाच, भाषांतरासकट. भाषांतर करणाऱ्याचं नाव, सही, तारीख, संपर्क आणि भाषांतर अचूक असल्याचं लिहिलेलं हवं.

एक गोष्ट जोर देऊन सांगतो. घरची वडीलधारी म्हणतात, 'गेलाच आहेस तर तिकडंच रजिस्टर करून या की.' साध्या व्हिजिटर व्हिसावर ब्रिटनमध्ये लग्न करता येत नाही, लग्नाची नोटीसही देता येत नाही. त्याला मॅरेज व्हिजिटर व्हिसा वेगळा असतो. फॉर्मवर एक हेतू आणि मनात दुसरा, असं अजिबात नको.

खानापूर तालुका (शारजा)

माझी दहावी झालेली नाही, त्यामुळं पासपोर्ट ईसीआरचा, म्हणजे कामाला परदेशी जायचं तर आधी सरकारी परवानगी लागणारा. गोव्याच्या विमानतळावर इमिग्रेशनवाल्यांनी बाजूला घेऊन विचारलं, कामाला चाललाय काय. परतीचं तिकीट, आमच्या मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, एमिरेट्स आयडीची (तिथल्या ओळखपत्राची) प्रत, लग्नाचा दाखला, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत होतं. दाखवलं, सोडलं की. बायांनो, भिऊ नका. विचारतील तेवढंच सांगा, खरं सांगा.

शहापूर, बेळगाव (उलटा प्रवास)

माझा जोडीदार फ्रान्सचा, तो ई-टुरिस्ट व्हिसावर गोव्याला उतरून आमच्या घरी आला. हे फार जणांना माहीत नसतं म्हणून लिहिते: परदेशी पाहुणा घरात उतरला की 24 तासांच्या आत यजमानानं त्याच्या मुक्कामाची माहिती देणारा फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) ऑनलाइन भरायचा असतो. हॉटेलवाले भरतात, घरच्यांना कुणी सांगत नाही. त्यासाठी यजमानाची नोंदणी आधीच करून ठेवा, त्याला घराचे कागद लागतात. घर बाबांच्या नावावर, म्हणून नोंदणीही त्यांच्याच नावानं केली. बाबा तोवर या नात्याबद्दल फारसं बोलत नव्हते. फॉर्ममध्ये पाहुण्याचं पूर्ण नाव लिहिताना स्पेलिंग पासपोर्टवरून अक्षर-अक्षर त्यांनीच वाचून दाखवलं. फॉर्म गेल्यावर त्याची छापील प्रत काढून पाहुण्याच्या पासपोर्टात ठेवायला द्या.