सर्फ गिटार १९६४ मध्ये संपली म्हणणाऱ्यांनी 'वेडिंग केक आयलंड' ऐकावं

कूजीकर

सर्फ गिटार म्हणजे लाटांवर फळी घेऊन जाणाऱ्या तरुणाईची, बहुतेकदा गायकाविना वाजणारी गिटार. तिच्याबद्दल ऑस्ट्रेलियन रॉकच्या गप्पांत एक वाक्य येतंच येतं: "सर्फ गिटार म्हणजे १९६३ चं साल. पुढच्या जूनमध्ये बीटल्स आले आणि विषय संपला." मला हे मान्य नाही. सिडनीत आल्यापासून ही गाणी ऐकतोय, ज्यांनी ती ऐन तारुण्यात ऐकली त्यांच्याशी बोलतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९६३ चं मोठेपण मी नाकारत नाही. वर्षाच्या सुरुवातीला डेन्व्हरमेन या बँडचं 'सर्फसाइड' सिडनीत पहिल्या नंबरावर गेलं. जुलैत अटलांटिक्स या बँडचं 'बॉम्बोरा' आलं आणि तेही पहिल्या नंबरावर पोचलं. पाण्याखालच्या खडकावर उसळून फुटणाऱ्या लाटेला इथे बॉम्बोरा म्हणतात. गाण्यात गायक नाही. पीटर हूडचे टॉम-टॉम ड्रम खालून घुमत राहतात आणि वर जिम स्कियाथिटिस, थिओ पेंग्लिस यांच्या गिटारी अशा तुटून पडतात की हेडफोनवर ऐकताना खांदे आपोआप वर जातात.

पण पुढे बघा. सत्तरच्या दशकात सिडनीचा बँड रेडिओ बर्डमन, ते 'अलोहा स्टीव्ह अँड डॅनो' वाजवतात आणि गाण्याच्या मधोमध 'हवाई फाइव्ह-ओ' मालिकेची धून गिटारवर उसळून येते. १९८० मध्ये मिडनाइट ऑइल हा बँड 'बर्ड नॉइजेस' ही चार गाण्यांची ईपी, म्हणजे छोटी रेकॉर्ड, काढतो आणि त्यात 'वेडिंग केक आयलंड' असतं. पीटर गॅरेटसारखा गायक हाताशी असून त्या तुकड्यात तो एक शब्द गात नाही! जिम मोगिनी आणि मार्टिन रॉट्सी, फक्त गिटारी. ते बेट मी रोज पाहतो. सिडनीच्या कूजी किनाऱ्यासमोर पाण्यातून जेमतेम डोकं वर काढलेला खडक. त्याच्या आडोशामुळे कूजीला मोठ्या लाटा लागत नाहीत. सगळा मारा तो खडक खातो. ती धून अशीच आहे, लांबून फुटणाऱ्या पाण्याची.

आणि २०१० मध्ये तेच मोगिनी, तेच रॉट्सी आणि ड्रमवर तोच रॉब हर्स्ट, सोबत व्हायोलंट फेम्स या बँडचा ब्रायन रिची, 'द ब्रेक' नावाने अख्खा वाद्यसंगीताचा सर्फ अल्बम करतात. बॉम्बोरापासून इथपर्यंत मला एकच धागा दिसतो. तुम्हाला दिसत नसेल तर सांगा का ते.

स्प्रिंग_रिव्हर्ब

पूर्ण असहमत. धागाकर्त्याने ज्याला धागा म्हटलंय तो माझ्या मते समुद्राच्या नावाने बांधलेली मोळी आहे.

सर्फ गिटार हा एक ठरावीक आवाज आहे. तो कसा निघतो ते सांगतो, कारण वाद तिथेच मिटतो. पत्र्याच्या चपट्या पेटीत दोन-तीन स्प्रिंगा ताणून बसवलेल्या असतात. गिटारचा आवाज एका टोकाने आत शिरतो, स्प्रिंगेतून पुढे-मागे धावतो आणि दुसऱ्या टोकाने ओला होऊन बाहेर पडतो. हाच स्प्रिंग रिव्हर्ब. गिटार बनवणाऱ्या फेंडर कंपनीने ही पेटी १९६१ मध्ये वेगळी विकायला काढली. वाजवता वाजवता तिला चुकून पाय लागला तर स्पीकरमधून वीज कोसळल्यासारखा कडकडाट होतो. त्याच्या जोडीला जाड तारा, ब्रिजजवळ तळहाताने दाबून केलेला टकटकाट आणि एकाच तारेवर खाली-वर खाली-वर चालणारी झपाट्याची पिकिंग. हे सगळं एकत्र आलं की सर्फ गिटार. गिटारवादक डिक डेलने कॅलिफोर्नियात हे केलं.

ऑस्ट्रेलियातले बहुतेक बँड मुळात शॅडोज हा ब्रिटिश बँड ऐकून तयार झाले होते. त्यांचा गिटारवादक हँक मार्विन, त्याचा आवाज म्हणजे इको, स्वच्छ आणि मोकळा. डिक डेलचा मारा त्यात नाही. बँडांनी त्याच धाटणीच्या धुना बसवल्या आणि किनाऱ्याची लाट आली तेव्हा त्यांना समुद्राची नावं मिळाली. खुद्द अटलांटिक्स पुढे गायक जॉनी रेबला घेऊन गाणी करू लागले. त्यांचं १९६७ चं 'कम ऑन' ऐका. जबरदस्त गॅरेज रॉक, समुद्राचा त्यात थेंब नाही. ज्यांनी सुरू केलं त्यांनीच ते सोडलं होतं.

'वेडिंग केक आयलंड' सुंदर आहे, वाद नाही. पण ती आठवण काढणारी धून आहे. आठवण काढावी लागते म्हणजे ती गोष्ट संपलेली असते.

अँटलरचा_पंखा

दोघेही समुद्राकडे बघताय आणि पाठीमागचा पब विसरताय.

मिडनाइट ऑइल घडले ते सिडनीच्या उत्तर किनाऱ्यावर, नॅरबीनच्या रॉयल अँटलर हॉटेलात. तिथे सर्फर यायचे हे खरं. दिवसभर पाण्यात, अंगावर मीठ तसंच, आणि संध्याकाळी बँड. पण बँडचा आवाज ठरला तो खोलीमुळे. छत बुटकं, गर्दी खच्चून, बिअर प्यायलेली माणसं, आवडलं नाही तर तोंडावर सांगणारी. तिथे नाजूक इको ऐकूच येत नाही. गिटार कापत जावी लागते, ड्रम बेसवर आदळावा लागतो, गाणी तीन मिनिटांत संपवावी लागतात. एसी/डीसीपासून कोल्ड चिझेलपर्यंत सगळे या शाळेतले. कोल्ड चिझेल अॅडलेडचे, एसी/डीसीचे यंग बंधू ग्लासगोहून येऊन सिडनीच्या बर्वुड उपनगरात वाढलेले. कुठला आलाय समुद्र?

माझा साहेब मूळचा नॅरबीनजवळच्या 'डी व्हाय' या उपनगरातला. ऐंशीच्या आसपास तो अँटलरला जायचा. त्याला गाण्यांपेक्षा घाम आठवतो. भिंतींवरून ओघळायचा म्हणतो. आणि त्याच्या मते ते जग आटलं ते डिसेंबर १९८२ नंतर, न्यू साउथ वेल्समध्ये रस्त्यावर सरसकट दारूची तपासणी सुरू झाल्यावर. लांबून गाडी हाकत पबला येणारी गर्दी घरी बसायला लागली. बीटल्सनी एक लाट संपवली असेल, पण खरी किनाऱ्याची रॉक गर्दी पोलिसांच्या नळीत फुंकर मारून पांगली. (नियम योग्यच होता, जीव वाचले. मी फक्त परिणाम सांगतोय.)

मरूब्रा_मीनल

तीनही पोस्टींत सगळे गिटार धरलेले पुरुष. १९६३ चं बोलताय आणि गायिका लिटल पॅटीचं नाव कोणी घेत नाही?

नोव्हेंबर १९६३ मध्ये तिची पहिली रेकॉर्ड आली तेव्हा ती चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. सोनेरी केसांच्या सर्फर पोरावरचं गाणं, आणि पलीकडच्या बाजूला सिडनीच्या मरूब्रा किनाऱ्यावरच्या स्टॉम्पवरचं. स्टॉम्प म्हणजे तो नाच: डावा पाय दोनदा, उजवा पाय दोनदा, जोरात, जमिनीवर. मी ज्या ग्रंथालयात काम करते तिथे एक निवृत्त बाई स्वयंसेवक म्हणून येतात. त्यांनी मला परतीच्या पुस्तकांच्या गाडीला धरून तो नाच करून दाखवला. त्या सांगतात, मुलींना पाण्यात फळी घेऊन जाऊ द्यायला पोरं तयार नसत. टॉवेल सांभाळत वाळूत बसायचं. स्टॉम्पला मात्र नाचायची जागा त्यांची होती. गिटारचा आवाज रिव्हर्बमधून आला की इकोमधून, हे त्यांच्या गावीही नव्हतं. तो तालावर पाय आपटायला लावत होता, बस.

ही पॅटी पुढे काय झाली तेही पाहा. १८ ऑगस्ट १९६६ ला ती व्हिएतनाममध्ये नुई डाटच्या ऑस्ट्रेलियन तळावर गायक कोल जॉयसोबत सैनिकांसाठी गात होती आणि जवळच लाँग टानची लढाई पेटली. कार्यक्रम थांबवून कलाकारांना बाहेर काढावं लागलं. वय सतरा. नंतर ती कलाकारांच्या कामगार संघटनेत मोठ्या पदावर गेली. डिव्हिनिल्स बँडची गायिका क्रिसी अॅम्फलेट तिची चुलत बहीण. धागे शोधताय ना? हा एक घ्या. गिटारच्या पेटीतून जात नाही म्हणून तो धागा नव्हे असं मी मानणार नाही.

कूजीकर

मीनलताई, पॅटी माझ्याकडून राहून जायला नको होती. तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे असं मी धरतो. 😊

@स्प्रिंग_रिव्हर्ब, तुमची व्याख्या घट्ट आहे, पण ती यंत्राची व्याख्या आहे. डिक डेलची 'मिसिर्लू' घ्या. पूर्व भूमध्याकडची चाल, १९२० च्या दशकापासून ग्रीक रेकॉर्डवर. आपल्या कानाला थेट भैरवाचे सूर लागतात, कोमल रे, कोमल ध. डेलच्या वडिलांकडून ते सूर लेबनॉनचे. म्हणजे सर्फ गिटारचा सगळ्यात गाजलेला तुकडा स्प्रिंग जन्मायच्या कितीतरी आधीचा. आणि अटलांटिक्सची आडनावं वाचा: पेंग्लिस, स्कियाथिटिस, बोसानॅक. स्थलांतरित घरांतली पोरं. किनारा त्यांना वारशाने मिळालेला नव्हता. तो त्यांनी गिटारवर मिळवला. ही असोशी मला शॅडोजच्या नकलेत ऐकू येत नाही, 'बॉम्बोरा'त येते.

@अँटलरचा_पंखा, पबचा मुद्दा सोळा आणे खरा. फक्त "कुठला आलाय समुद्र" याचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे: अंगावर मीठ घेऊन आलेली माणसं.

इपानेमा_व्हाया_इचलकरंजी

व्याख्येवर भांडणाऱ्यांसाठी ब्राझीलची साक्ष. कामासाठी तिथे बरीच वर्षं होतो. तिकडे कुणाला 'सर्फ म्युझिक' विचारा: हूडू गुरूज, स्पाय व्हर्सेस स्पाय, गँगगाजांग, मिडनाइट ऑइल. सगळे ऐंशीच्या दशकातले, सगळे गाणारे, बहुतेकांच्या गाण्यांत फळीचं नावसुद्धा नाही. ही गाणी तिकडच्या सर्फरांपर्यंत आधी पोचली ती ऑस्ट्रेलियन सर्फ फिल्म्समधून, आणि तिथल्या किनाऱ्यांवर त्यांना जो मान मिळाला तो काही बँडांना मायदेशातही मिळाला नव्हता. दक्षिणेकडे फ्लोरिआनोपोलिसला एका फळ्या दुरुस्त करणाऱ्याच्या शेडमध्ये गँगगाजांगचं 'साउंड्स ऑफ देन' लागलेलं ऐकलंय. फायबरच्या धुळीत उभा राहून तो माणूस इंग्रजीचा एक शब्द नीट येत नसताना अख्खं गाणं म्हणत होता.

जे लाटेवर जातात त्यांना सर्फ म्युझिक कोणतं ते ठरवू द्या.

स्वान_नदी

पर्थहून. पूर्व किनारेवाल्यांनी आपला एक खडक म्हणजे अख्खा देश समजू नये ही विनंती.

इथल्या ट्रिफिड्स बँडचा १९८६ चा अल्बम 'बॉर्न सँडी डिव्होशनल' घ्या. मुखपृष्ठावर मॅन्डुराच्या खाडीचा जुना विमानातून काढलेला फोटो, म्हणजे पाणी आहेच. पण आत 'वाइड ओपन रोड' लावा. डेव्हिड मॅकॉम्बच्या त्या गाण्यात जे पसरलेलं आहे ते कोरडं आहे. बँडला सिडनी-मेलबर्नला वाजवायला जायचं तर नलरबॉरचं ओसाड मैदान ओलांडायचं, दिवसेंदिवस गाडी. तो पसारा गिटारमध्ये आणि खासकरून 'एव्हिल' ग्रॅहम लीच्या पेडल स्टीलमध्ये उतरलाय. ऑस्ट्रेलियन गिटारच्या आवाजाचं मूळ शोधायचं तर मी अंतराकडे बोट दाखवीन. समुद्र त्या अंतराचाच एक प्रकार.

अवांतर: ज्याच्या इकोवरून वर भांडण चाललंय तो हँक मार्विन १९८६ पासून आमच्या पर्थलाच येऊन राहिलाय.

स्प्रिंग_रिव्हर्ब

@कूजीकर, 'मिसिर्लू'ची चाल जुनी म्हणून सर्फ गिटार जुनी होत नाही. तीच चाल बुझुकी या ग्रीक तंतुवाद्यावर वाजली तर तिला कोणी सर्फ म्हणणार नाही. म्हणजे फरक यंत्राने आणि हाताने केला, मी हेच म्हणतोय.

@इपानेमा, तुमची साक्ष आवडली, पण ती श्रोत्यांची आहे. श्रोते ज्याला जे म्हणतात त्यावरून शैली ठरली तर कशालाच काही म्हणता येणार नाही.

आणि रेडिओ बर्डमनचं राहिलं. त्यांचा गिटारवादक डेनिझ टेक अमेरिकेतल्या मिशिगनच्या अॅन आर्बरचा. वैद्यकीय शिक्षणासाठी सिडनीत आला तो स्टूजेस आणि एमसी५ या तिकडच्या बँडांचा गोंगाट डोक्यात घेऊन. डेट्रॉइटचे कारखाने, तिथे कुठला बॉम्बोरा? 'हवाई फाइव्ह-ओ'ची धून टीव्हीवरची होती.

किंग्सक्लिफ_फॅन

कोणी सनीबॉइज या बँडचं नाव घेईना म्हणून लिहितो. न्यू साउथ वेल्सच्या उत्तर टोकाच्या किंग्सक्लिफची मुलं, १९८० मध्ये सिडनीत बँड. 'अलोन विथ यू'ची सुरुवातीची गिटार ऐका: स्प्रिंगची पेटी नाही, पबचा कापत जाणारा मारा पुरता नाही, तरी उन्हात ओल्या केसांनी उभं असल्याचा भास. त्यांचा गायक जेरमी ऑक्सली पुढे स्किझोफ्रेनियाने अनेक वर्षं संगीतापासून लांब राहिला. २०१२ मध्ये ते पुन्हा एकत्र वाजवू लागले, त्यानंतरचा एक कार्यक्रम मी पाहिला. पहिल्या दोन ओळी त्याने गायल्याच नाहीत, हॉलने गायल्या. शेजारचे पन्नाशीचे गृहस्थ बायकोचा हात घट्ट धरून रडत होते. तो आवाज १९६३ चा की १९८१ चा, पबचा की पाण्याचा, हे मला तेव्हा सुचलंही नाही. आज वाद वाचून वाटतं, कूजीकरांचं पारडं जड आहे.

कूजीकर

@स्प्रिंग_रिव्हर्ब, टेक डेट्रॉइटचा गोंगाट घेऊन आला हे बरोबर. पण ऐकायला आलेली पोरं सिडनीची होती, आणि बँडमधली बाकीचीही बहुतेक इथलीच. टीव्हीवरच्या शेकडो धुनांतून नेमकी लाटेवर सुरू होणारी धून त्यांनी उचलली आणि सिडनीच्या ऑक्सफर्ड फनहाउस या पबमधली गर्दी त्यावर उसळली. यंत्र बदललं, खोली बदलली, ओढ तीच राहिली.

आणि "आठवण काढावी लागते म्हणजे संपलं" हे तर अजिबात नाही. अटलांटिक्स परत एकत्र आले आणि २००० मध्ये 'फ्लाइट ऑफ द सर्फ गिटार' काढला, नव्या धुनांसकट. द ब्रेकचा 'चर्च ऑफ द ओपन स्काय' आधी ऐका, मग लगेच 'वेडिंग केक आयलंड', मग 'बॉम्बोरा', असं उलट क्रमाने. ड्रमकडे लक्ष ठेवा, हर्स्टचे टॉम आणि हूडचे टॉम. त्यानंतरही तुम्हाला मोळीच दिसली तर इथे येऊन लिहा, मी वाचायला आहे.

स्प्रिंग_रिव्हर्ब

ऐकतो. पण 'बॉम्बोरा' मी मूळ पंचेचाळीस आरपीएमच्या रेकॉर्डवरच ऐकणार, मोनोमध्ये.